कॉलेजच्या अभ्यासाची बैठक: वेळ, वह्या, कार्डं, लोकल (मुंबईकरांसाठी)

टाचणवही

सेम सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की तेच प्रश्न येतात. किती तास बसायचं, नोट्स कशा काढायच्या, वाचलेलं राहत का नाही. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. 'पहाटे उठा, मन एकाग्र करा' छापाचे सल्ले कृपया नकोत. आकडा द्या, कृती द्या आणि ती कुठे फसते तेही लिहा.

आधी वेळेचा हिशोब, कारण पहिली फसवणूक तिथेच होते. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे १२०० तास धरले आहेत, एका क्रेडिटला ३०. लेक्चर, असाइनमेंट, घरचा अभ्यास सगळं त्यात आलं. चार क्रेडिटचा थिअरी विषय म्हणजे १२० तास. त्यातले ६० लेक्चरचे, बाकीचे ६० तुमचे. सेमला पाच असे विषय धरले तर घरचे ३०० तास होतात. १५ आठवड्यांत वाटले की आठवड्याला २०, म्हणजे रविवार धरून रोज तीन तासांच्या आत.

हेच ३०० तास पीएलच्या, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीच्या, आठ दिवसांत बसवायचे म्हटलं, तर आठ दिवसांत अजिबात न झोपता १९२ तास असतात. 'पीएलमध्ये बघू' या वाक्याचं गणित एवढंच.

आता मुख्य गोष्ट. वाचन हा अभ्यासाचा कच्चा माल आहे. अभ्यास होतो तो पुस्तक मिटून आठवताना. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं: वाचणारे ४२, लिहिणारे ५६. पुन्हा वाचल्यावर 'येतंय की' असं जे वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतं खरं असतं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, म्हणून घोळ होतो.

कृती, तिला आपण 'कोरं पान' म्हणू:

पुस्तकातला एक विभाग घ्या, सहा ते आठ पानांचा, जास्त नको. २०-२५ मिनिटं वाचा, हातात हायलायटर न घेता. पुस्तक मिटून लांब ठेवा. कोऱ्या कागदावर सात मिनिटं आठवेल ते सगळं लिहा: व्याख्या, आकृती, क्रम, उदाहरण. अडलात तर जागा मोकळी सोडून पुढे जा. मग पुस्तक उघडून लाल पेनाने फक्त राहिलेलं आणि चुकलेलं लिहा. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या पहिली तीन मिनिटं तेवढं लालच न बघता लिहायचं.

फसतं कुठे? लोक अडलं की लगेच डोकावतात. अर्धा-एक मिनिट डोकं खाजवायचं, मग सोडायचं. ती खाजवणीच कामाची असते. दुसरं, नुसती शीर्षकं लिहून समाधान मानतात. 'ऑस्मॉसिस' हा शब्द लिहिला म्हणजे ऑस्मॉसिस आलं असं नाही. खाली दोन वाक्यं हवीत: काय, कुठून कुठे आणि का.

कटिंग_स्पेशल

धागा चांगला, पण शंका आहे. बी.ए.ला इतिहास-राज्यशास्त्र घेणारे पाचशे-पाचशे पानं वाचतात. सात-सात मिनिटं कागद काळे करत बसले तर पोर्शन कधी संपणार? आणि हायलायटर एवढा वाईट असता तर स्टेशनरीवाल्यांनी दुकानं बंद केली असती.

टाचणवही

हायलायटर विकला जातो, कारण त्याने बरं वाटतं. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं तोपर्यंतचं संशोधन तपासलं. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवणं या दोनच पद्धती वरच्या श्रेणीत आल्या. अधोरेखन आणि पुन्हा वाचन खालच्या श्रेणीत गेले.

पाचशे पानांबद्दल: सगळ्या पानांना कोरं पान लावायचं नाही. आधी अभ्यासक्रमाचं पत्रक आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर समोर ठेवा. प्रत्येक युनिटमधून काय विचारलं जातं ते समासात लिहा. ज्यावर दहा-पंधरा गुणांचे प्रश्न येतात त्या विभागांना कोरं पान, बाकीच्याला एक सरळ वाचन आणि तीन प्रश्न. इतिहासात पानांपेक्षा सांगाडा महत्त्वाचा: कारणं चार, टप्पे तीन, परिणाम पाच. आधी सांगाडा न बघता लिहिता यावा, मग त्यावर तपशील चढवायचा.

निळी_शाई

लेक्चरच्या वहीबद्दल लिहिते. कॉर्नेल पद्धत बऱ्याच जणांनी ऐकली असेल. वॉल्टर पॉक यांनी कॉर्नेल विद्यापीठात ती रूढ केली. फुलस्केप पानावर डावीकडे अडीच इंचांवर उभी रेघ मारा, तळाशी दोन इंच सोडा. उजवीकडचा मोठा भाग लेक्चरला. डावा रकाना वर्गात मोकळा ठेवायचा, आणि लोक चुकतात ते इथेच. वर्गातच तिथे शीर्षकं लिहून टाकतात.

डावीकडे त्याच संध्याकाळी प्रश्न लिहायचे. उजवीकडे 'मागणीची लवचिकता: पाच प्रकार' असेल तर डावीकडे 'मिठाची मागणी लवचिक का नसते?' असा प्रश्न. तळाच्या दोन इंचांत तासाचा ऐवज दोन वाक्यांत. एका लेक्चरला दहा मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवसावर ढकललं की वीस लागतात आणि तिसऱ्या दिवशी आपलंच अक्षर वाचता येत नाही.

नंतर उजळणी म्हणजे उजवी बाजू कागदाने झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायची. वही सुंदर करण्याचा मोह टाळा. तीन रंग, सावलीची अक्षरं, वॉशी टेप, आणि मग त्या वहीत खाडाखोड करायला जीव होत नाही. खाडाखोड नसलेली वही वापरलेलीच नसते. दोन पेनं पुरे, निळं आणि लाल.

ताळेबंद

थिअरीवाल्यांचं झालं, आता अकाउंट्स. इथे सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सोडवलेला प्रॉब्लेम. गाईड उघडायचं, उदाहरण क्रमांक १४ ओळीने वाचायचं, प्रत्येक ओळीला मान डोलवायची. मान डोलवणं आणि सोडवणं ही दोन वेगळी खाती आहेत, एकातली शिल्लक दुसऱ्यात वर्ग होत नाही.

कृती: प्रश्न कागदावर उतरवा, गाईड बंद करा, घड्याळ लावा. फायनल अकाउंट्सच्या मोठ्या प्रश्नाला ३५-४० मिनिटं. फॉर्मॅट स्वतः आखायचा, छापील कोऱ्या फॉर्मॅटची झेरॉक्स वापरायची नाही, कारण परीक्षेत आखायला पाच मिनिटं जातात आणि तीही हिशोबात हवीत. ताळेबंद जुळला नाही तर दहा मिनिटं स्वतः शोधा. मगच उत्तर बघा.

आणि एक 'चूक-वही' ठेवा. शंभर पानी पुरते. चार रकाने: तारीख, प्रश्न कुठला, काय चुकलं, का चुकलं. शेवटच्या रकान्यात चारच शब्दांपैकी एक लिहायचा: समज, वाचन, आकडेमोड, फॉर्मॅट. नमुना देतो.

प्रश्नात 'आउटस्टँडिंग वेजेस' (द्यायची राहिलेली मजुरी) ट्रायल बॅलन्सच्या आतच दिलेत. विद्यार्थ्याने ते ट्रेडिंग अकाउंटला मजुरीत मिळवले आणि ताळेबंदात देणं म्हणूनही दाखवले. ताळेबंद जुळत नाही. चूक कुठली? समज. ट्रायल बॅलन्समध्ये आलेल्या बाबीची दुहेरी नोंद आधीच झालेली असते, त्यामुळे ती एकाच जागी जाते, इथे फक्त ताळेबंदात. ट्रायल बॅलन्सच्या खाली ॲडजस्टमेंट म्हणून दिली असती तर दोन जागी गेली असती. वहीत फक्त 'वेजेस चुकले' असं लिहिलं तर उपयोग शून्य. 'आत असेल तर एकदा, बाहेर असेल तर दोनदा' असं लिहिलं तर पुढचे पन्नास प्रश्न सुटतात.

दर रविवारी वीस मिनिटं चूक-वही. शेवटचा रकाना मोजायचा. 'वाचन' जास्त आलं तर अजून प्रॉब्लेम सोडवून काही होणार नाही, प्रश्न वाचताना तारखा आणि टक्केवारी पेन्सिलने गोल करायची सवय लावावी लागेल. 'आकडेमोड' जास्त आलं तर रात्री अकरानंतर अकाउंट्स सोडवणं बंद करा.

सातवा_डबा

ताळेबंदराव, चूक-वही इंजिनीअरिंग मॅथ्सलाही जशीच्या तशी लागू.

त्यात भर म्हणून: प्रश्न मिसळा. पुस्तकातले स्वाध्याय प्रकरणवार असतात. इंटिग्रेशनच्या 'बाय पार्ट्स' पद्धतीच्या स्वाध्यायातले वीसही प्रश्न बाय पार्ट्सनेच सुटतात, त्यामुळे पद्धत निवडण्याचा सराव एकदाही होत नाही. पेपरात वर पद्धत छापलेली नसते.

तीन इंटिग्रल घ्या. पहिलं, एक्स गुणिले ई चा एक्सवा घात. दुसरं, एक्स गुणिले ई चा एक्स-वर्गावा घात. दिसायला सख्खे भाऊ. पहिलं बाय पार्ट्सने सुटतं. दुसऱ्याला सब्स्टिट्यूशन, कारण एक्स-वर्गाचं डेरिव्हेटिव्ह दोन एक्स आणि तो एक्स शेजारीच उभा आहे. तिसरं, नुसता ई चा एक्स-वर्गावा घात, शेजारी एक्स नाही. ते नेहमीच्या फंक्शन्समध्ये सुटतच नाही. डेफिनिट इंटिग्रल म्हणून आलं तर न्युमरिकल पद्धत किंवा सिरीज. जो विद्यार्थी तिन्हीला एकच हत्यार घेऊन धावतो त्याचं सूत्र पाठ असतं, ओळख कच्ची असते.

सराव असा: चार प्रकरणांतून पाच-पाच प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहा आणि पिसा. प्रत्येक चिठ्ठीला ३० सेकंद. सोडवायचं नाही, फक्त कुठली पद्धत आणि का ते एका ओळीत लिहायचं. वीस चिठ्ठ्या दहा मिनिटांत होतात. मग त्यातल्या चारच पूर्ण सोडवा. पहिल्या आठवड्यात वीसपैकी दहा-बारा चुकतील आणि ही पद्धत भिकार वाटेल. प्रकरणवार सोडवताना सगळं बरोबर येतं म्हणून ते जास्त आवडतं. आवड आणि फायदा इथे उलट दिशेला जातात.

पोमोडोरोबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आत्ताच. इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर बसवलेली पद्धत. २५ मिनिटं काम, ५ सुट्टी, अशा चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. वाचायला ठीक. डेरिव्हेशन किंवा मोठ्या प्रॉब्लेमला २५ मिनिटं कमी पडतात, ऐन रंगात घंटा वाजते. तिथे ५०-१० ठेवा. पाच मिनिटांच्या सुट्टीत रील बघायची नाही, एक बघून कुणी थांबत नाही. पाणी प्या, गॅलरीत उभे राहा, कपडे वाळले का बघा.

टायमर फोनवर लावू नका, साधं गजराचं घड्याळ घ्या. फोन उलटा घालून टेबलावर ठेवणं म्हणजे दूर ठेवणं नव्हे. कपाटाच्या वरच्या फळीवर, जिथे स्टूल लागेल.

उशिरा_आलेली

वाचतेय. दोन प्रश्न. एक, वन रूम किचनमध्ये पाच माणसं, टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्या असताना बसायचं कुठे? दोन, मुलुंडहून दादर आणि परत, वर स्टेशन ते कॉलेज चालणं, यात रोजचे अडीच तास जातात. ते वाया धरायचे का?

टाचणवही

पहिल्याचं उत्तर मुंबईने फार पूर्वी शोधलंय. वरळीत बीडीडी चाळींजवळची अभ्यास गल्ली बघा, घरात जागा नाही म्हणून पोरं रस्त्याच्या दिव्याखाली बसायची, त्यावरूनच नाव पडलं. वॉर्डात चौकशी केलीत तर महापालिकेच्या, मंडळांच्या, वाचनालयांच्या अभ्यासिका सापडतात. जाऊन तीन गोष्टी बघा: रात्री किती वाजेपर्यंत, स्वतःची पुस्तकं आत नेता येतात का, परीक्षेच्या काळात जागा आधी धरावी लागते का. फसतं ते असं, की मित्रांबरोबर गेल्यावर दर अर्ध्या तासाने खाली चहा होतो. टोळीने जायचंच असेल तर वेगवेगळ्या टेबलांवर बसा.

घरीच बसायचं असेल तर कामं आवाजाप्रमाणे वाटा. शांतता लागते नवीन वाचायला आणि कोऱ्या पानाला. टीव्ही चालू असताना जर्नल उतरवणं, आकृत्या, फाइल लावणं, ग्राफ. संध्याकाळी सात ते दहा गोंगाट असेल तर नवीन वाचन पहाटेला किंवा कॉलेजच्या लायब्ररीत ढकला. सेम एक गणपती-नवरात्रातूनच जाते, तेव्हा त्या दिवसांच्या संध्याकाळी वेळापत्रकात आधीच मोकळ्या सोडा. जमणार नाही हे माहीत असताना तीन तास लिहायचे आणि मग मनाला खात बसायचं, हा उद्योग नको.

प्रवासाचं सातवा_डबा सांगतील, नावच तसं आहे.

सातवा_डबा

नियम एकच: लोकलमध्ये नवीन काही शिकायचं नाही, फक्त आठवायचं. गर्दीत वही उघडता येत नाही, दारात फोन काढू नये, आणि कानात लेक्चर लावलं तर अर्धं 'पुढील स्थानक' खाऊन टाकतं. आठवायला मात्र काहीच लागत नाही, एक हात कडीला असला तरी चालतं.

आदल्या रात्री वितभर कागदावर दहा प्रश्न लिहा, मागे एकेका शब्दात उत्तराचा धागा. कागद आयकार्डच्या पाकिटात. मुलुंड ते दादर स्लो पकडलीत तर मधल्या टप्प्यांची संख्या बरोबर दहा: नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, सायन, माटुंगा, दादर. गाडी सुटली की प्रश्न वाचायचा, पुढच्या स्टेशनात शिरेपर्यंत मनात पूर्ण उत्तर द्यायचं, मुद्दे बोटांवर मोजत. दोन-तीन मिनिटं मिळतात, पाच गुणांच्या उत्तराला नेमकी तेवढी पुरतात. स्टेशनात गाडी थांबली की मागे बघून तपासायचं. घाटकोपरला चढणारे कागद तपासू देत नाहीत, तिथे सोपा प्रश्न ठेवा.

परतीला तेच दहा, फक्त उलट क्रमाने. चुकलेल्यांची कार्डं घरी गेल्यावर करायची. हे कागद टाकू नका, रबरबँड लावून ठेवा, पीएलमध्ये हेच सोन्याच्या भावाने जातात.

अवांतर: फास्टचा मोह टाळा. स्लोने दहा-बारा मिनिटं जास्त जातात, पण प्रश्नपत्रिका आखून मिळते.

निळी_शाई

'प्रश्नपत्रिका आखून मिळते' :) हे कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावायला हवं.

कार्डांचा उल्लेख आलाच आहे तर डब्याबद्दल लिहिते. ही जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांची पद्धत. ए-फोर कागद आठ भागांत कापला की एक कार्ड साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरचं होतं. बुटाच्या खोक्यात पुठ्ठा लावून पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा दर चार दिवसांनी, चौथा आठवड्याला, पाचवा पंधरवड्याला. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं तर कितव्याही कप्प्यातलं असो, सरळ पहिल्यात. इथे दयामाया नाही.

किती कार्डं करायची हे आधी ठरवा. रोज १० नवीन केली तर काही आठवड्यांनी रोज सरासरी ५० तपासावी लागतात, कारण प्रत्येक कार्ड किमान पाचदा हातात येतं. एकाला १२ सेकंद धरले तर दहा मिनिटं. उत्साहात रोज ४० केली की रोजची २०० होतात, म्हणजे ४० मिनिटं, वर चुकलेली वेगळी. मग एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी ढीग बघून खोकं पलंगाखाली जातं. बहुतेक खोकी तिसऱ्या आठवड्यात अशीच पलंगाखाली जातात. फोनवर अँकीसारखं ॲप हेच काम करतं, दिवसांचा हिशोबही तेच ठेवतं, फक्त फोन हातात घ्यावा लागतो हा त्याचा दोष.

कार्ड कसं नसावं: 'मायटोकाँड्रियाची माहिती लिहा.' हे कार्ड नाही, निबंध आहे. कसं असावं: 'मायटोकाँड्रियाचं आतलं पटल घड्यांचं का असतं?' मागे: 'पृष्ठभाग वाढतो, एटीपी तयार करणारी यंत्रणा जास्त बसते.' एक कार्ड, एक गोष्ट, आणि जमेल तिथे 'का'.

कलम_कारकून

लॉच्या मुलांसाठी वेगळं लिहितो. इथे 'समजून घ्या, पाठ करू नका' हा सल्ला अर्धाच उपयोगी. व्याख्या शब्दशः लागते आणि कलमाचा नंबर तर लागतोच.

सध्या त्यात भर म्हणजे १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या) जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुने नंबर डोक्यातून जात नाहीत. खुनाची शिक्षा आयपीसीत ३०२, आता १०३. फसवणुकीचं ते जगप्रसिद्ध ४२० आता ३१८ मध्ये गेलं. जुना-नवा असा दोन रकान्यांचा तक्ता भिंतीवर लावून घोकलात तर दोन्ही नंबर एकमेकांत अडकतात आणि परीक्षेत नेमका जुना तोंडात येतो. कार्डाच्या पुढे गुन्ह्याचं नाव, मागे फक्त नवा नंबर, मोठा. उलट कार्ड वेगळं: पुढे १०३, मागे खुनाची शिक्षा. जुने नंबर निकालपत्रं वाचताना लागतात, त्यांची वेगळी गड्डी, वेगळ्या रंगाच्या कागदावर, वेगळ्या दिवशी.

शब्दशः पाठांतराची रीत: व्याख्या घटकांत तोडा. चोरीची व्याख्या घ्या: जंगम मालमत्ता, दुसऱ्याच्या ताब्यातली, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने, हलवणं. पाच घटक, पाच बोटं. पहिला-दुसरा म्हणा, मग दुसरा-तिसरा, मग तिसरा-चौथा. वेदपाठशाळांमधला क्रमपाठ असाच जोड्यांनी चालतो, सांधे त्यानेच पक्के होतात. सलग दहा वेळा वाचलं तर सुरुवात पक्की होते आणि मधला भाग गळतो. पेपरात नेमका 'संमतीशिवाय' राहून जातो. मग पाचही घटक वापरून एक प्रसंग रचा आणि एकेक घटक काढून बघा, चोरी उरते का? एवढं झालं की प्रॉब्लेम-प्रश्नही सुटतो.

कटिंग_स्पेशल

पटतंय हळूहळू. पण उजळणी किती दिवसांनी? सगळे 'अंतर ठेवा' म्हणतात, आकडा कुणी देत नाही.

टाचणवही

आकडा आहे. २००८ मध्ये सेपेडा आणि सहकाऱ्यांनी १३५० हून अधिक लोकांवर हेच तपासलं: एकदा शिकवायचं, ठरावीक दिवसांनी एकदा उजळणी, मग परीक्षा. परीक्षा उजळणीनंतर ३५ दिवसांनी असेल तेव्हा, तपासलेल्या अंतरांमध्ये ११ दिवसांचं सर्वांत चांगलं ठरलं. ७० दिवसांनी असेल तेव्हा २१ दिवसांचं. परीक्षा जितकी लांब तितकं अंतर मोठं. दुसऱ्याच दिवशी केलेली उजळणी सोपी जाते, पण दोन महिन्यांनंतरच्या पेपरला ती फार पुरत नाही.

व्यवहारात सेमसाठी एवढं करा: त्याच संध्याकाळी डावा रकाना, दुसऱ्या दिवशी लालचं तीन मिनिटं, मग दहाव्या दिवशी कोरं पान, मग महिन्याने पुन्हा. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकोनात फक्त युनिटचा नंबर लिहायचा. एक उजळणी चुकली तर दोन दिवसांत करा, सगळं वेळापत्रक नव्याने आखत बसू नका. वेळापत्रक आखण्यात जाणारा रविवार हा अभ्यासात धरला जात नाही.

उशिरा_आलेली

आणि जे सेमभर झोपले होते? दहा दिवस, चार पेपर, त्यात एक केटीचा, म्हणजे आधी नापास झालेल्या विषयाचा.

ताळेबंद

मग तोटा कमी करायचा, नफ्याचं नंतर बघू.

पहिला दिवस: चारही विषयांचे मागचे पाच पेपर घ्या. प्रत्येक युनिटवर किती गुण येतात याची बेरीज करा. 'आयएमपी' म्हणून फिरणाऱ्या यादीवर विसंबू नका, ती बेरीज तुमच्या हाताने व्हायला हवी. प्रत्येक विषयातली जास्त गुणांची तीन युनिटं निवडा.

दुसरा ते आठवा: दिवसाला दोन विषय, प्रत्येकी तीन तास, आलटून पालटून. एकच विषय सलग दोन दिवस घेऊ नका. आधी प्रश्न, मग पुस्तक: जुना प्रश्न वाचा, येईल ते लिहा, मग पुस्तकातून तेवढंच उत्तर वाचा. केटीचा विषय सकाळी, डोकं ताजं असताना. तो आधी एकदा ऐकलेला असतो, म्हणून 'येतो' असं वाटतं आणि शेवटी ढकलला जातो, मग परत लागतो.

नववा आणि दहावा: घड्याळ लावून पूर्ण पेपर, दिवसाला एक. तीन तासांत ८० गुण असतील तर गुणाला सव्वादोन मिनिटं, म्हणजे २० गुणांच्या प्रश्नाला ४५. दोन तासांत ६० असतील तर गुणाला दोन. वेळ संपली की वाक्य अर्धं ठेवून पुढच्या प्रश्नावर जायचं. पहिल्या प्रश्नाला सात पानं आणि शेवटच्याला पाऊण, हा मुंबईतल्या उत्तरपत्रिकांचा राष्ट्रीय आजार आहे.

नाईट मारू नका. पेपरच्या आदल्या रात्री सहा तास झोप हवीच. दुपारी वाचलेलं झोपेतच पक्कं होतं, आणि जागून आकडेमोड चुकते ती वेगळी. संध्याकाळी सहानंतर कडक कॉफी नको: कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकरा वाजताही अर्धं अंगात असतं.

कलम_कारकून

एक जोडतो. ग्रुप स्टडी करायचाच असेल तर तिघं, जास्त नाही. प्रत्येकाने एक युनिट दुसऱ्या दोघांना पुस्तक न बघता समजवायचं, पंधरा मिनिटं. ऐकणाऱ्यांनी फक्त 'का?' आणि 'उदाहरण?' एवढंच विचारायचं. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवण्याला ग्रुप स्टडी म्हणत नाहीत.

उशिरा_आलेली

धन्यवाद सगळ्यांना. सातवा_डबा, हार्बरवाल्यांचं काय? मैत्रीण पनवेलहून येते, तिला हे विचारायचंय.

सातवा_डबा

पनवेल ते मानखुर्द मोजा: खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स, नेरूळ, जुईनगर, सानपाडा, वाशी, मानखुर्द. पुन्हा दहाच. फक्त वाशी ते मानखुर्द खाडीपूल आहे, गाडी बराच वेळ थांबत नाही. तिथे दहा गुणांचं डेरिव्हेशन ठेवायला सांगा.